थोडा भार, जास्त फेरे

ज्येष्ठाच्या उत्तरार्धात आळंदीहून निघालेली माउलींची पालखी दिघी, विश्रांतवाडीच्या रस्त्याने पुण्यात येते. तो दिवस गेला की सुमारे तीन आठवड्यांनी आषाढ चौदस येते आणि चातुर्मास बसतो. एकीकडे वारकरी चालू लागतात, तर दुसरीकडे साधु-साध्वीजी विहार थांबवून चार महिन्यांसाठी एका गावी स्थिर होतात. ओल्या जमिनीवर असंख्य जीव जन्माला आलेले असतात आणि चालणाऱ्याच्या पायाखाली ते येऊ नयेत, हा त्यामागचा विचार आहे. श्रावकांवर इतके कडक बंधन नसते. तरीही अनेक घरांत या काळात अनावश्यक प्रवास टाळला जातो, पहाटेचे फिरणेही कमी होते. धर्माला हे अनुकूल असते, पण गुडघ्यांना आणि रक्तातील साखरेला ते तसे असतेच असे नाही.

विश्रांतवाडीत आळंदी रस्त्यालगत हार्डवेअरचे दुकान चालवणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचे नाव सांगण्याची गरज नाही, कारण असा गृहस्थ प्रत्येक पेठेत आणि प्रत्येक उपनगरात सापडेल. वय चौपन्न. सकाळी दहा ते रात्री नऊ गादीवर बैठक. दुपारी एक ते चार पुण्याच्या रिवाजाप्रमाणे शटर खाली. पोटाचा घेर वाढलेला, रक्तदाब औषधाने आटोक्यात, डाव्या गुडघ्यात उठताबसता कळ. दोन वर्षांपूर्वी कुटुंबासह पालिताण्याला गेले असता शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्यांपैकी पाचशेसुद्धा त्यांच्याने झाल्या नाहीत आणि पुढचा सारा मार्ग त्यांनी डोलीत बसून केला. दर्शन झाले, पूजा झाली, परंतु चढावर डोलीवाल्यांचा श्वास त्यांच्या कानाशी येत होता, तो ते विसरू शकले नाहीत. ज्याला खरोखर गरज आहे त्याने डोली करावी. त्यात कमीपणा नाही आणि त्यावर अनेकांची चूल पेटते. यांना मात्र आपली गरज आपणच ओढवून घेतलेली वाटत होती.

चातुर्मासात शत्रुंजयाची यात्रा बंद असते. कार्तिकी पौर्णिमेला ती पुन्हा सुरू होते. त्या दिवशी पायी चढायचे, असा निश्चय त्यांनी आषाढात केला. हाताशी चार महिने होते.

रस्त्यावर सायकल चालवण्याचा विचार त्यांनी लगेच सोडला. पावसाळ्यात विश्रांतवाडीचा चौक, धानोरीकडे जाणारी वाहने, पाण्याखाली दडलेले खड्डे आणि रस्त्यावर आलेले गांडूळ-गोगलगायी, यांपैकी काहीही त्यांच्या मनाला पटणारे नव्हते. म्हणून त्यांनी घरात चालवायची सायकल आणली. पुढे जड लोखंडी चाक, वर एक गोल घुंडी. घुंडी आवळली की पॅडल जड, सैल केली की हलके. व्यापाऱ्याच्या हिशेबी बुद्धीने त्यांनी ठरवले की जितके जड तितका फायदा. घुंडी आवळून, दात-ओठ खात, खांदे हलवत ते रोज वीस मिनिटे पॅडल मारू लागले. घाम भरपूर आला. बाराव्या दिवशी डावा गुडघा सुजला. पंधराव्या दिवशी सायकलीच्या हँडलवर टॉवेल वाळू लागला.

बहुतेक घरांतील अशा यंत्रांची कथा येथेच संपते. अपरिग्रहाची प्रवचने ऐकणाऱ्या घरातही कोपऱ्यात एक निरुपयोगी यंत्र धूळ खात उभे असते. या घरात तसे झाले नाही, त्याचे कारण त्यांची मुलगी. ती फिजिओथेरपीचे शिक्षण घेते. सुटीला घरी आली तेव्हा तिने टॉवेल उचलला आणि वडिलांना सायकलीवर बसवून पाच मिनिटे नुसते पाहिले.

“पप्पा, तुम्ही मिनिटाला किती फेरे मारता, मोजले आहेत का?”

“फेरे कशाला मोजायचे, बेटा? जोर किती लागतो ते बघ.”

“दुकानात तुम्हीच सांगता ना, खिळ्याच्या पुड्यावर मोठा नफा धरू नका, पुडे जास्त जाऊ द्या. मग पायांकडून एकेका फेऱ्यात एवढी मोठी वसुली कशाला?”

वडील हसले, पण मुद्दा त्यांना समजला होता.

सायकलीवर होणारे काम दोन गोष्टींवर अवलंबून असते: प्रत्येक फेऱ्याला पॅडलवर पडणारा जोर आणि मिनिटाला होणारे फेरे. या फेऱ्यांच्या संख्येला सायकलपटू केडन्स म्हणतात. दोहोंचा गुणाकार तोच ठेवून एक कमी आणि दुसरे जास्त करता येते. शंभर वॅटचे काम घ्या. मध्यमवयीन माणसाला ते दमवणारे पण जमण्यासारखे आहे. पॅडलचा दांडा साधारण १७० मिलिमीटर लांबीचा असतो. मिनिटाला ६० फेऱ्यांनी हे काम केले तर पॅडलवर सरासरी साडेनऊ किलोच्या वजनाइतका जोर सतत द्यावा लागतो. मिनिटाला ९० फेरे केले तर तेच काम साधारण सव्वासहा ते साडेसहा किलोच्या जोरात होते. हे सरासरीचे आकडे झाले. फेऱ्याच्या खाली जाणाऱ्या भागात प्रत्यक्ष जोर याहून कितीतरी अधिक असतो आणि तो गुडघ्याच्या वाटीमागून जातो. मुलीने मोजले तेव्हा वडिलांचे फेरे मिनिटाला ४६ निघाले. गुडघा का सुजला याचे उत्तर त्या एका आकड्यात होते.

फेरे मोजण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. घड्याळ समोर ठेवावे, उजवा गुडघा किती वेळा वर येतो ते पंधरा सेकंद मोजावे आणि चारने गुणावे. वीस आले तर मिनिटाला ८० फेरे. नवशिका माणूस सहसा ५० ते ७० या दरम्यान असतो. सराव झालेले सायकलपटू ८० ते १०० फेऱ्यांनी तासन् तास जातात.

येथे एक गैरसमज टाळला पाहिजे. जास्त फेरे म्हणजे नेहमीच कमी श्रम, असे नाही. हलक्या कामासाठी शरीर सर्वांत कमी इंधन साधारण ६० फेऱ्यांच्या आसपास खर्च करते, असे प्रयोगशाळेतील मोजमापे सांगतात. फेरे वाढवले की पायांचेच वजन जास्त वेळा फिरवावे लागते, म्हणून श्वास आणि नाडी थोडी वाढते. म्हणजे ओझे नाहीसे होत नाही. स्नायू आणि सांध्यांवरचा काही भाग हृदय आणि फुप्फुसांकडे जातो. हृदय काही मिनिटांत पूर्ववत होते; थकलेल्या मांडीला आणि दुखावलेल्या गुडघ्याला दिवस लागतात. ही देवाणघेवाण बहुतेकांना परवडते. मात्र ज्यांना हृदयविकार आहे, ज्यांचा रक्तदाब अनियंत्रित आहे, किंवा ज्यांनी पन्नाशीपर्यंत कधी व्यायाम केलेला नाही, त्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. या गृहस्थांनी तो घेतला, ईसीजी काढला आणि गुडघ्याची सूज पूर्ण उतरेपर्यंत आठ दिवस सायकलीला हात लावला नाही.

त्यानंतर मुलीने पहिले काम केले ते सीटचे. वडिलांनी सीट फार खाली ठेवली होती, कारण पाय जमिनीला टेकला की सुरक्षित वाटते. सीट खाली असली की गुडघा प्रत्येक फेऱ्यात जास्त दुमडतो आणि त्यावरचा दाब वाढतो. योग्य उंची ओळखण्याची रीत सोपी आहे. सीटवर सरळ बसावे, टाच पॅडलवर ठेवावी आणि पॅडल सर्वांत खाली न्यावे. पाय जेमतेम सरळ झाला पाहिजे. मग चवडा पॅडलवर आणला की गुडघ्यात आपोआप थोडा बाक राहतो. सीट प्रमाणाबाहेर वर गेली तर कंबर डावी-उजवीकडे डुलू लागते. मागून कोणीतरी पाहिले की ते लगेच कळते. चामड्याच्या सीटची किंवा बुटांची गरज नाही. रेक्झिनचे सीट आणि ताठ तळव्याचे कापडी बूट पुरेसे आहेत. चवडा घसरू नये म्हणून पॅडलवरची पट्टी बांधावी, इतकेच.

दुसरी गोष्ट होती गोलाईची. फेरे वाढवायला सांगितले की नवशिका माणूस पाय आपटू लागतो. ७० च्या पुढे गेला की सीटवर उसळू लागतो. ही उसळी म्हणजे पायांमध्ये ताकद कमी असल्याची खूण नव्हे. पाय तळाशी पोहोचल्यावरही मांडी खाली दाबतच राहते; पॅडल आणखी खाली जाऊ शकत नाही, म्हणून तो जोर उलटून अंगाला वर उचलतो. गोल पॅडलिंग म्हणजे योग्य क्षणी दाबणे आणि योग्य क्षणी सोडणे. त्यात स्नायूंपेक्षा मज्जासंस्थेचे शिक्षण अधिक आहे. तबला शिकणाऱ्याची बोटे जशी हळूहळू मोकळी होतात, तसे हे आठवड्यांच्या सरावाने येते. आणि म्हणूनच चौपन्नाव्या वर्षीही येते.

पायाची वाट घड्याळाच्या तबकडीवर कल्पावी. बारा वाजता पाय पुढे सरकवायला सुरुवात करावी. एक ते पाच या भागात खरा जोर. पाचच्या पुढे जोर सोडत, उंबरठ्यावरच्या पायपुसण्याला तळवा पुसावा तसा पाय मागे ओढावा. सात ते अकरा या भागात पाय फक्त हलका करावा, म्हणजे वर येणाऱ्या पायाचे ओझे खाली जाणाऱ्या पायाला उचलावे लागणार नाही. पाय जोराने वर खेचावा, असे पूर्वी अनेक प्रशिक्षक सांगत. सायकलपटूंवर झालेल्या प्रयोगांत मात्र असे दिसले की मुद्दाम वर खेचल्याने फेऱ्यातला जोर अधिक समान वाटला जातो खरा, पण त्याच कामाला ऊर्जा जास्त लागते. सामान्य माणसाने हलकेपणावर थांबावे, ओढाताण नको.

घरातल्या सायकलीचा येथे एक फायदा आहे. रस्त्यावर सिग्नल, चढ, उतार, मागून येणारी बस, यांत पायाकडे लक्ष देता येत नाही. बंद खोलीत समोर काहीच नसते. आवाज ऐकता येतो, आणि आवाज खरे सांगतो. गोल फेऱ्याचा आवाज जात्याच्या घरघरीसारखा सलग येतो. तुटक फेऱ्याचा ‘घूं-घूं, घूं-घूं’ असा हेलकावत येतो.

परंतु त्याच यंत्रात एक फसवणूकही आहे. पुढचे जड चाक एकदा फिरू लागले की ते स्वतःच पाय ओढून नेते. घुंडी पूर्ण सैल सोडून मिनिटाला ११० फेरे मारता येतात. ते पायांनी मारलेले नसतात, चाकाने मारवून घेतलेले असतात. यासाठी थोडा भार कायम ठेवावा. पॅडलवर सतत काहीतरी टेकते आहे, एवढा. या प्रकारच्या सायकलीत पॅडल चाकाशी पक्के जोडलेले असते आणि पाय थांबवले तरी चाक थांबत नाही, हेही ध्यानात असावे. थांबताना पाय अचानक काढू नये. घुंडी आवळत किंवा ब्रेक दाबत फेरे कमी करावेत. घरात लहान मुले असतील तर त्यांना फिरत्या चाकापासून आणि पॅडलपासून दूर ठेवावे.

सरावासाठी यंत्र एकाच प्रकारचे नसते. आपलीच रस्त्यावरची सायकल मागील चाकाने एका स्टँडवर बसवून चालवता येते. जुन्या पद्धतीचे रोलर असतात: तीन फिरत्या नळकांड्यांवर सायकल मोकळी ठेवायची आणि तोल सांभाळत पॅडल मारायचे. रोलरवर एक पाय जरी आपटला तरी सायकल हलते. म्हणून गोलाई शिकवण्यात त्याच्याइतका कठोर गुरू नाही. पण तो तरुणांसाठी. पन्नाशीच्या गृहस्थाने त्याच्या वाटेला जाऊ नये.

मुलीने घालून दिलेला क्रम साधा होता. आठवड्यातून तीन दिवस, मध्ये एकेक दिवस विश्रांती. पहिले दोन आठवडे वीस मिनिटे, हलक्या भाराने, ६० ते ७० फेरे. दुसरे काही नाही. बोलता आले पाहिजे, नवकार मंत्र अडखळल्याविना म्हणता आला पाहिजे. तो तुटला की वेग जास्त झाला, असे समजायचे.

तिसऱ्या आठवड्यापासून वेळ अर्धा तास झाली आणि ‘चढती गती’ आली. आठ मिनिटे अंग तापवायचे. मग ६५ पासून दर मिनिटाला पाच फेरे वाढवत जायचे. ज्या आकड्यावर अंग सीटवर उसळू लागेल, तेथून पाच फेरे खाली यायचे आणि तीन मिनिटे तेथेच राहायचे. तो आकडा म्हणजे त्या दिवसाची मर्यादा. गृहस्थांची पहिली मर्यादा ७० होती. त्याच जोडीला ‘एका पायाचे लक्ष’: दोन्ही पाय पॅडलवर ठेवूनच तीस सेकंद सारे ध्यान उजव्या पायाच्या गोलाईवर, तीस सेकंद डाव्यावर. स्टँडवर बसवलेली साधी सायकल असेल तर एक पाय स्टुलावर ठेवून दुसऱ्या एकट्या पायाने वीस-तीस सेकंद पॅडल मारता येते. फेऱ्याच्या वरच्या टोकाला चेन सैल पडून ‘खट्’ असा आवाज येतो. आवाज नाहीसा होणे हेच यश. पक्क्या जोडणीच्या सायकलीवर हा प्रकार करू नये, कारण तेथे सारे काम जड चाकच करून टाकते.

पर्युषणाचे आठ दिवस सायकल बंद राहिली. गृहस्थांनी एकासणी केली आणि सकाळचा सारा वेळ स्थानकात गेला. आठ दिवसांच्या विश्रांतीने कमावलेले फारसे जात नाही. ज्यांनी अठ्ठाई किंवा त्याहून मोठी तपस्या केली असेल, त्यांनी पारण्यानंतर आठवडाभर यंत्रावर बसू नये आणि पुढे निम्म्या वेळेपासून सुरुवात करावी.

पर्युषणानंतर ‘वेगाचे तुकडे’ आले. दहा मिनिटे तयारी, मग एक मिनिट ९० फेरे आणि दोन मिनिटे ७५ फेरे, असे पाच वेळा. शेवटी पाच मिनिटे अगदी हलके. एका मिनिटाच्या त्या तुकड्यात खांदे सैल, हाताची मूठ सैल, जबडासुद्धा सैल. अंगाचा वरचा भाग ताठरला की पाय तुटक होतात. सुरुवातीला तिसऱ्याच तुकड्यात त्यांना उसळी यायची. भाद्रपद संपता संपता पाचही तुकडे उसळीविना होऊ लागले.

या साऱ्यात सर्वांत कठीण प्रश्न वेळेचा होता आणि तो जैन घरांत सर्वांनाच पडतो. बंद खोलीत वारा लागत नाही, म्हणून रस्त्यापेक्षा घाम कितीतरी जास्त येतो. गेलेले पाणी भरून काढावेच लागते. नवकारशी करणारा माणूस सूर्योदयानंतर ४८ मिनिटांपर्यंत पाणी घेत नाही. चौविहार करणारा सूर्यास्तानंतर घेत नाही. पहाटे पाचला नवकारशीपूर्वी घाम गाळणे, किंवा रात्री नऊला दुकान वाढवून आल्यावर चौविहारात अर्धा तास सायकल मारणे, या दोन्हींत शरीर कोरडे पडते. डोके दुखते, पेटके येतात. रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर भोवळही येते. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशीपोटी असा व्यायाम मुळीच करू नये. साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली येऊ शकते. व्रत मोडण्याची गरज नाही, व्यायामाची वेळ हलवावी.

गृहस्थांनी दोन वेळा निवडल्या. आषाढ-श्रावणात पुण्यात सूर्योदय सहाच्या सुमारास होतो. म्हणजे सातपर्यंत नवकारशी होते. त्यानंतर ग्लासभर उकळून गार केलेले पाणी आणि मूठभर मनुका घेऊन साडेसातला सायकल. ज्या दिवशी सकाळी व्याख्यानाला जायचे असेल त्या दिवशी दुपारी. एकला शटर खाली, सव्वाला जेवण, थोडा आराम, सव्वातीनला सायकल आणि चारला पुन्हा दुकान. पुण्याच्या दुकानदाराची दुपार हा साऱ्या महाराष्ट्राच्या थट्टेचा विषय आहे. तिचा असा उपयोग थट्टेखोरांना सुचला नसेल. उपवास आणि आयंबिलाच्या दिवशी वेगाचे तुकडे वगळले. आश्विनातील ओळीचे नऊ दिवस केवळ पंधरा मिनिटे हलके फेरे.

यतनेचे लहान नियमही घरात आपोआप ठरले. सायकलीखालची फरशी बसण्यापूर्वी मऊ कुंच्याने झाडायची. चाक फिरवण्याआधी त्यावर मुंगी, कोळी नाही ना, हे पाहायचे. पावसाळ्यात संध्याकाळी दिव्यावर किडे झेपावतात, म्हणून दिवा लावून सराव नाही. घामाचे कपडे गोळा करून बादलीत ठेवायचे नाहीत. लगेच वाऱ्यावर वाळत घालायचे आणि फरशी कोरडी पुसायची.

पुण्याला कधीकाळी सायकलींचे शहर म्हणत. कारखान्यांच्या भोंग्याला, शाळा-महाविद्यालयांच्या वेळेला रस्ते सायकलींनी भरून जात. भाड्याने तासावर सायकल देणारी दुकाने गल्लोगल्ली होती. मग इंजिने आली. त्या बदलातही जैन उद्योजकांचा वाटा मोठा आहे. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये अहमदनगरातून, म्हणजे आजच्या अहिल्यानगरातून, लूना बाजारात आणली. लूनाला इंजिन होते आणि पॅडलही होते. पेट्रोल संपले की माणूस पॅडल मारत घरी येई. पुढच्या गाड्यांचे पॅडल गेले आणि मध्यमवर्गाच्या पायांचे कामही गेले. जागतिक आरोग्य संघटना प्रौढ माणसाला आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम सांगते. पूर्वीच्या पुणेकराची तेवढी मिनिटे दोन-तीन दिवसांच्या जाण्यायेण्यात पुरी होत.

आणि महाराष्ट्राने सायकल पुरती सोडलेलीही नाही. नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या बंधूंनी २०१५ मध्ये अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंतची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ जोडीने पूर्ण केली. २०१७ मध्ये लेफ्टनंट कर्नल श्रीनिवास गोकुलनाथ आणि नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी ती एकट्याने पूर्ण केली. अंतर सुमारे ४,८०० किलोमीटर. एका फेऱ्यात सायकल पाच मीटर पुढे जाते असे धरले, तर उताराचा भाग सोडूनही फेऱ्यांची संख्या लाखांत जाते. सलग पॅडल मारले तर ती ९ लाख ६० हजार होईल. प्रत्येक फेऱ्यात तोळाभर जोर वाया गेला तर एकूण तूट किती, हा हिशेब व्यापाऱ्याला समजावून सांगावा लागत नाही. गोलाईचे महत्त्व त्या तोळ्यात आहे. अर्ध्या तासाच्या सरावातही ८० च्या गतीने २,४०० फेरे होतात, म्हणजे डावा गुडघा २,४०० वेळा दुमडतो. तो कसा दुमडतो, यावर चार महिन्यांनंतरची त्याची अवस्था ठरते.

आश्विनात मुलीने एक गोष्ट स्पष्ट सांगितली. सायकल चढण्याची ताकद देते, दम वाढवते. उतरण्याचे शिक्षण देत नाही. पायऱ्या उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच अंगाचा भार रोखून धरतो आणि हे काम सायकलीवर होत नाही. शत्रुंजयाची चढण श्वासाची परीक्षा घेते, उतरण गुडघ्याची. म्हणून शेवटचे पाच आठवडे तीनपैकी एक दिवस सायकलीऐवजी इमारतीच्या जिन्याला दिला गेला. पहिल्या दिवशी चार मजले वर आणि लिफ्टने खाली. मग चार मजले वर आणि चार मजले कठडा धरून सावकाश खाली. शेवटी दहा वेळा. पहिल्या दिवशी डोळ्यांत पाणी आले. पाचव्या आठवड्यात शेजारी विचारू लागले की लिफ्ट बंद आहे काय.

या चार महिन्यांत त्यांचे वजन साडेतीन किलो उतरले. चमत्कार वाटावा असे काही घडले नाही. रक्तदाबाची गोळी चालूच राहिली. ९० फेऱ्यांच्या पुढे ते कधी गेले नाहीत, जाण्याची गरजही नव्हती. दिवाळीला दुकानात चोपडापूजन झाले, नवी खातेवही उघडली गेली. जुन्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर त्यांनी आषाढापासून रोजच्या नोंदी ठेवल्या होत्या: तारीख, मिनिटे, फेरे, गुडघा. ‘गुडघा’ या रकान्यात आरंभी बहुधा ‘दुखतो’ असे होते. भाद्रपदापासून त्या रकान्यात आडवी रेघ दिसू लागली.

कार्तिकी पौर्णिमेला पहाटे तळेटीला चैत्यवंदन करून ते निघाले. मुलगी बरोबर होती. डोलीवाल्यांनी विचारले, तेव्हा त्यांनी हात जोडले आणि भाड्याने काठी घेतली. वाटेत तरुण मुले भराभर पुढे गेली, सत्तरीच्या एक आजी त्यांच्या पुढे होत्या आणि शेवटपर्यंत पुढेच राहिल्या. ते सोळा वेळा बसले. चढाच्या एका वळणावर मुलीने सवयीने पायांकडे पाहिले आणि म्हणाली, “पप्पा, लहान पावले टाका, पण थांबू नका.” वर आदीश्वर दादांच्या दरबारात पोहोचले तेव्हा गर्दी इतकी होती की उभे राहायला जागा नव्हती आणि डोळे पुसायला हात मोकळा नव्हता.

उतरायला चढण्यापेक्षा अधिक वेळ लागला.

पुण्यात परतल्यावर त्यांनी जुन्या वहीतली शेवटची नोंद केली. मिनिटे आणि फेरे हे रकाने कोरे आहेत. पुढे एवढेच लिहिले आहे: ‘शत्रुंजय. पायी. उतरताना डावा गुडघा थोडा. दोन दिवस विश्रांती, मग सोमवारपासून वीस मिनिटे.’